काच वर, टेन्शन खाली!

पॉवर विंडो बंद, पाऊस दारात आणि हातात ९,८०० रुपयांचं एस्टिमेट. अशा वेळी पुणेकरानं जायचं कुठे? अर्थात, नाना पेठेत!

जूनमधला बुधवार, संध्याकाळचे सात, नळ स्टॉपचा सिग्नल. डावीकडच्या रिक्षावाल्यानं त्याची रिक्षा माझ्या आरशाला जवळजवळ चिकटवली. आता अस्सल पुणेकर अशा वेळी गप्प बसेल का? मी डावीकडची काच खाली केली, दोन शब्द सुनावले. त्यानं चार सुनावले. हिशेब पूर्ण झाला, सिग्नल सुटला आणि मी काच वर करायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही! 'मॅडम, आता काच तरी लावा,' असं म्हणून रिक्षावाला भुर्रकन निघून गेला. भांडण कोण जिंकलं, ते तुम्हीच ठरवा.

घरी पोचेपर्यंत आभाळ भरून आलं होतं. आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगला झाकलेलं पार्किंग नाही. मग काय, लाँड्रीतून आलेली प्लास्टिकची पिशवी कापली, पॅकिंगची चिकटपट्टी लावली आणि काचेच्या जागी खिडकीला पडदा केला. रात्री पावसानं त्या पडद्याची काय गत केली, हे सकाळी सीटवर बसल्यावर कळलं. गाडीला आठवडाभर न वाळलेल्या टॉवेलचा वास येत होता.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण शनिवारी सकाळी आठ वाजता आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पावसाळ्यातल्या सकाळी, नेमक्या वेळेला, कॅब मिळेलच अशी खात्री पुण्यात कोणीच देत नाही. आणि डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईला उघड्या खिडकीतून पाऊस खात घरी आणणं? शक्यच नाही. म्हणजे हातात दोन दिवस होते.

दार न उघडताच निदान!

गुरुवारी सकाळी एका चकचकीत सर्व्हिस सेंटरला गेले. एसी लाउंज, फुकट कॉफी, भिंतीवर टीव्ही... सगळं झकास. टॅबलेट घेतलेल्या एका तरुणानं बटण दोनदा दाबून बघितलं आणि पाचव्या मिनिटाला एस्टिमेट तयार. मोटर, काचेची मशीन, लेबर, टॅक्स. एकूण ९,८०० रुपये. पार्ट सोमवारी येणार.

'दार खोलून बघितलंत का?' मी विचारलं.

'गरज नाही मॅडम. या मॉडेलला मोटरच जाते.'

फ्रीलान्स करणाऱ्यांना ९,८०० म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. गेल्या महिन्याच्या लेखांचे पैसे पुढच्या महिन्यात येतात आणि तो 'पुढचा महिना' नेमका कोणता, हे अकाउंट्सवाल्यांनाच माहीत! पण खरं टेन्शन पैशांचं नव्हतं, सोमवारचं होतं. घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती शांतपणे शेंगा सोलत म्हणाली, 'माझा डोळा बघायला डॉक्टरांनी तीनदा थेंब घातले, पाऊण तास बसवलं, मशीनवर तपासलं. मग म्हणाले ऑपरेशन करू. यांनी दार न उघडताच सांगितलं?'

पॉइंट होता. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी नाना पेठेकडे निघालो.

मोटारींचं शहर, मोटारींची पेठ

पुणं हे गाड्यांचं शहर आहे, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं काही वाटत नाही. १९६० च्या दशकात आकुर्डीत बजाज आली, पिंपरीत टेल्को आली. १९६६ मध्ये वाहनांच्या चाचण्या घेणारी 'एआरएआय' संस्था इथेच सुरू झाली. १९९८ मध्ये बाजारात आलेली इंडिका पिंपरीत बनत होती. पुढे २००९ मध्ये चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन या दोघींचे कारखाने सुरू झाले. थोडक्यात काय, गाडी जन्माला घालणारी माणसं या शहरात पुष्कळ. पण दहा वर्षांच्या गाडीची काच अडकली की आपण चाकणला जात नाही. आपण जातो पेठेत.

नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ १७९१ मधली. आज इथल्या दुकानांत हेडलाइटपासून सायलेन्सरपर्यंत आणि क्लचच्या वायरपासून डॅशबोर्डवरच्या डुलणाऱ्या गणपतीपर्यंत सगळं मिळतं. दुकानं एवढीशी. बाहेर टांगलेले सीट कव्हर, बंपर, मडफ्लॅप आणि आत छतापर्यंत रचलेले खोके. तुम्ही गाडीचं नाव आणि साल सांगायचं. काउंटरवरचा माणूस मागे न बघताच ओरडणार, 'वरून तिसरा खोका!' आणि पोरगं शिडीवर चढणार. कॉम्प्युटरला इतक्या वेगानं सर्च जमत असेल, असं मला वाटत नाही.

आणि याच पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. निवडुंगात मूर्ती सापडली म्हणून हे नाव, असं सांगतात. तुकाराम महाराजांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम इथे असतो आणि ज्ञानेश्वर माउलींची पालखी शेजारच्या भवानी पेठेतल्या पालखी विठोबाकडे. आम्ही गेलो तेव्हा पालख्यांना आठवडा होता. एका बाजूला वारकऱ्यांसाठी मांडवाचे बांबू उतरत होते, दुसऱ्या बाजूला टेम्पोतून टायर. आईनं लगेच प्लॅन जाहीर केला. 'तू काच बघ. मी विठोबाला भेटून येते.'

चाचांची ओपीडी

दोन दुकानांत विचारलं. दोघांनीही मोटर विकायच्या आधी तोच प्रश्न केला, 'कोणी बघितलंय का?' आणि दोघांनीही बोट दाखवलं ते गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या चाचांकडे. साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, खिशाला टेस्टर. दुकान म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक स्टूल आणि हाताखाली एक पोरगा. त्यांच्यासमोर तीन गाड्या आधीच नंबर लावून उभ्या होत्या. चक्क ओपीडीच!

माझा नंबर आल्यावर मी सवयीनं म्हणाले, 'मोटर गेलीय.'

'मोटर गेली हे तुम्ही ठरवून आलात, तर मी कशाला पाहिजे?' चाचा हसले. 'काय होतंय ते सांगा. काय गेलंय ते मी सांगतो.'

चाचांनी काय केलं ते सांगण्याआधी, दाराच्या पोटात काय असतं ते बघू. म्हणजे पुढची गंमत कळेल.

फियाट-ॲम्बॅसॅडरच्या जमान्यात काचेला हँडल होतं. गरागरा फिरवा, काच वर. अमेरिकेत पॅकार्डसारख्या कंपन्यांनी १९४० च्या सुमारास बटणावरची काच आणली, तेव्हा ती तेलाच्या दाबावर चालायची. आता त्या जागी मुठीएवढी एक मोटर असते, १२ व्होल्टवर चालणारी. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एक दातेरी चाक फिरवतात. या रचनेची खुबी अशी की मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटरला फिरवू शकत नाही. म्हणून तर बाहेरून कोणी काच दाबून खाली सरकवू शकत नाही. चाकाला जोडलेली असते ती 'काचेची मशीन', म्हणजे कात्रीसारख्या पट्ट्या किंवा पुलीवरून फिरणारी स्टीलची तार. तीच काचेला वर-खाली नेते.

आणि बटण? ते फक्त दिशा बदलतं. मोटरला दोन तारा असतात. एकीत करंट आणि दुसरी अर्थला, तर काच वर. अदलाबदल केली, तर काच खाली. ड्रायव्हरशेजारच्या काचेला दोन बटणं असतात, एक ड्रायव्हरच्या हाताशी आणि एक त्या दारावर. साध्या वायरिंगच्या गाड्यांत ही दोन्ही बटणं एकमेकांना तारांनी जोडलेली असतात आणि त्या तारा दार आणि बॉडी यांच्या मधल्या घडीच्या रबरी नळीतून जातात. ही रबरी नळी लक्षात ठेवा.

पाच मिनिटं, एकही पाना नाही

चाचांनी पेटीला हातही लावला नाही. आधी चावी फिरवून बाकीच्या तिन्ही काचा खाली-वर केल्या. चालल्या. म्हणजे मेन फ्यूज ठीक. मग ड्रायव्हरकडचं काचा लॉक करायचं बटण तपासलं. 'दहातली एक गाडी इथेच बरी होते,' म्हणाले. 'पोरांनी खेळता खेळता दाबलेलं असतं.'

मग त्यांनी मला आत बसवलं आणि छतावरचा दिवा लावायला सांगितला. 'आता डावीकडच्या दारावरचं बटण वर ओढा. दिव्याकडं बघा. मंद होतोय?'

नाही.

'आता खाली दाबा.'

'अहो चाचा, काच खालीच आहे की!'

'म्हणून तर कोणी दाबत नाही. दाबा.'

दाबलं. दाराच्या आत बारीकसं 'टक्' झालं आणि दिवा किंचित मंद झाला! चाचांचा चेहरा तेव्हाच सांगत होता की केस सुटली. दिवा मंद झाला, म्हणजे मोटरनं करंट ओढला. काच तळाला टेकलेली असल्यामुळे हलली नाही इतकंच. खालच्या दिशेला मोटर जिवंत आणि वरच्या दिशेला मेलेली, असं होत नाही. म्हणजे दोष मोटरमध्ये नव्हता, तिच्यापर्यंत जाणाऱ्या दोन तारांपैकी एकीत होता.

शेवटची टेस्ट तर बघण्यासारखी. पोरग्यानं बटण वर धरून ठेवलं आणि चाचा दार हळूहळू उघडत गेले, अगदी इंच इंच. दार अर्धं उघडलं आणि... काच थरथरली, चार बोटं वर आली! दार आणखी उघडलं, काच पुन्हा थांबली.

'घ्या तुमची मोटर,' चाचा म्हणाले. 'तार तुटलीय. रबराच्या आत.'

कारण ऐकलं तर हसू येईल इतकं साधं. दार उघडलं की त्या नळीतल्या तारा वाकतात, लावलं की सरळ होतात. दिवसातून दहा-वीस वेळा, वर्षानुवर्षं. स्टेपलरची पिन एकाच जागी वाकवत राहिलं की ती जशी तुटते, तसंच तांब्याच्या बारीक धाग्यांचं होतं. एकेक करत ते तुटत जातात आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. आमच्या गाडीत त्या दारातून रोज चढ-उतार कोण करतं? आई!

साठ रुपयांची तार

मग पेटी उघडली. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. घडीचं रबर दोन्ही बाजूंनी सोडवलं आणि दाराचं आतलं पॅनेलही काढलं. हँडलमागचा स्क्रू, आर्मरेस्टखालचे दोन आणि बाकी कडेनं प्लास्टिकच्या क्लिपा. 'ओढायचं नाही, टिचकी मारल्यासारखं सोडवायचं,' हा धडा पोरग्याला होता, पण मीही घेतला. आतली पॉलिथिनची शीट न फाडता एका कोपऱ्यातून सोलली. मग वेगळ्या बॅटरीच्या दोन तारा थेट मोटरला लावल्या. काच सुर्रकन वर! तारा उलट्या केल्या, काच खाली. 'बघा. तुमची ९,८०० ची मोटर.'

तुटलेली तार चिमट्यानं बाहेर काढली तेव्हा तिच्यावरचं प्लास्टिक चिप्ससारखं मोडत होतं. शेजारच्या दोन तारांचीही तीच गत व्हायला आली होती. चाचांनी तिन्ही तारांचा वाकणारा भाग कापून टाकला आणि तिथे तेवढ्याच जाडीच्या, बारीक धाग्यांच्या मऊ तारेचे लांबसर तुकडे घातले. जोड सोल्डर केले, वर स्लीव्ह चढवून गरम करून आवळली. गंमत म्हणजे तिन्ही जोड एका रेषेत ठेवले नाहीत, मागेपुढे ठेवले. आणि वाकणाऱ्या जागी तर एकही नाही. 'जोड कडक होतो. कडक झालेलं वाकलं की पहिलं तुटतं,' ते म्हणाले. नुसतं पीळ मारून टेप गुंडाळणारे पुष्कळ असतात. त्यांची काच पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकते, असं चाचांचं मत.

दार उघडंच होतं, म्हणून दोन फुकटची कामंही झाली. काच ज्या रबरी खोबणीत सरकते, तिच्यातली धूळ कापडानं पुसून सिलिकॉनचा स्प्रे मारला. ('तेल किंवा ग्रीस मारू नका, रबर फुगतं आणि धूळ धरतं.') आणि दाराच्या तळाला पाणी जायला जी बारीक भोकं असतात, त्यातला चिखल तारेनं काढला. काचेवरून ओघळणारं पावसाचं थोडं पाणी दाराच्या आत जातंच, जायचंच असतं. ते या भोकांतून बाहेर पडतं. भोकं बुजली की दाराची बादली होते आणि मग मात्र मोटर खरंच मरते.

पाण्याचा विषय निघाला आणि चाचा जरा गंभीर झाले. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरणार नाहीत. आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, सहकारनगर-अरण्येश्वर भागात गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. त्यानंतर काही महिने त्यांच्याकडे चिखलानं भरलेली दारंच येत होती. 'काच म्हणजे हवा खायची सोय नाही बेटा,' ते म्हणाले. 'पाण्यात दार उघडत नाही. माणूस काचेतूनच बाहेर येतो.' खरंच आहे. गाडी पाण्यात गेली की बाहेरच्या दाबानं दार हलत नाही. सुरुवातीला थोडा वेळ बटणं बहुतेक चालतात. तेवढ्यात बेल्ट सोडायचा, काच खाली करायची आणि बाहेर पडायचं. नाहीच चालली, तर बाजूची काच कोपऱ्यात टोकदार हातोडीनं फोडायची. समोरच्या काचेवर वेळ घालवायचा नाही, तिच्यात मध्ये प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण फुटून मोकळी होत नाही. 'आज नको, पुढच्या महिन्यात बघू' म्हणून बंद काच तशीच घेऊन हिंडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

पैसे कशाचे?

पावणेदोन तासांत काम संपलं. बिल? सहाशे रुपये. आणि आता कबुलीजबाब. ९,८०० च्या एस्टिमेटवर मी सर्व्हिस सेंटरला एक रुपया कमी करा म्हणाले नव्हते. इथे मात्र तोंडातून निघून गेलं, 'चाचा, पाचशे करा ना. तार तर एवढीशी...'

'तार साठ रुपयांची,' चाचा म्हणाले. 'सोल्डर, स्लीव्ह धरून शंभर. बाकीचे, कुठली तार ते कळायचे.'

मी गुपचूप मोबाइल काढला आणि क्यूआर कोड स्कॅन केला. पूर्ण सहाशे.

परत येताना तेच डोक्यात घोळत होतं. आपण वस्तूचे पैसे निमूट देतो, कारण ती खोक्यात येते, तिच्यावर एमआरपी असते. ओळखण्याचे पैसे द्यायला मात्र जिवावर येतं, कारण ते दिसत नाही. म्हणूनच ओळखत बसण्यापेक्षा आख्खा पार्ट बदलणं धंद्याला सोयीचं झालंय. पार्टचं बिल फाडता येतं. दिव्याकडे बघण्याचं बिल कसं फाडणार?

एकतर्फी बोलायचं नाही, म्हणून हेही सांगते. गाडी वॉरंटीत असेल तर पेठेत जाऊ नका, कंपनीकडेच जा, नाहीतर वॉरंटीवरून वाद होतो. नव्या गाड्यांत बटणं थेट मोटरशी नाही, तर कॉम्प्युटरशी बोलतात. तिथे स्कॅनर लागतोच. चाचांनी स्वतःच एक कोरी करकरीत गाडी परत पाठवली. 'दिवा बघून कळणारी नाही ही,' म्हणाले. आणि पेठेत छापील बिल, गॅरंटी कार्ड वगैरे विसरा. गॅरंटी म्हणजे चाचा उद्याही त्याच स्टुलावर असणार, एवढीच. पोरगा शिकतोय, पण त्याला यात राहायचं नाही. त्याला मोबाइल रिपेअरिंगचा कोर्स करायचाय. त्याचंही बरोबरच आहे. पण मग पुढच्या वेळी दिव्याकडे बघायला कोण सांगणार?

आई दर्शन करून परतली होती. प्रसादाचे खडीसाखरेचे दाणे तिनं आधी चाचांच्या हातावर ठेवले, मग पोरग्याच्या. 'ताई, दार हळू लावत जा,' चाचा तिला म्हणाले. तिनं मान डोलावली आणि सवयीनं धाडकन लावलं!

शनिवारी सकाळी धो धो पाऊस होता. काच वर होती, सीट कोरडी होती आणि आम्ही आठला पाच कमी असताना पोचलो. दुपारी काळा गॉगल लावून आई तिच्या नेहमीच्या जागेवर बसली. म्हात्रे पुलावर तिनं काच बोटभर खाली केली, पावसाचा वास घेतला, पुन्हा वर केली. मग परत खाली. परत वर.

'आई, काय करतेयस?'

'बघतेय,' ती म्हणाली. 'बघून घेतलेलं बरं.'

तुमची काच काय म्हणतेय?

• सगळ्याच काचा बंद: आधी फ्यूज, मग रिले, मग ड्रायव्हरच्या दाराकडे जाणारी मेन तार. फ्यूज त्याच अँपिअरचाच घाला. लगेच पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, मोठा फ्यूज घालून बघू नका.

• एकच काच बंद, दिवाही मंद होत नाही: करंट पोचत नाहीये. बटण किंवा रबरातली तार. बटणावर कधी चहा सांडलाय का, आठवून बघा. कधी कधी कॉन्टॅक्ट क्लिनरनं काम भागतं.

• काच हलत नाही, पण दिवा मंद होतो: मोटरला करंट मिळतोय, काहीतरी अडकलंय. बटण दाबत बसू नका. मोटर तापते आणि स्वतःच बंद होते. थोडा वेळ गार होऊ द्या.

• दारावर बुक्की मारली की चालते: मोटरमधले कार्बन झिजलेत. बुक्क्या मारून फार दिवस निघणार नाहीत.

• वर येताना रखडते: बहुतेक वेळा रबरात धूळ किंवा रबर कडक. सिलिकॉन स्प्रे करून बघा, मगच खर्चाचं बोला.

• 'कर्रर्र' आवाज किंवा काच धप्पकन आत पडली: मशीनची तार किंवा प्लास्टिकची क्लिप तुटली. इथे पार्ट लागणारच. काच वर धरून चिकटपट्टीनं फ्रेमला बांधा आणि गाठा मिस्त्री.

• वर जाऊन आपोआप खाली येते: हात अडकू नये म्हणून दिलेली सोय गोंधळलीय. बॅटरी काढल्यानंतर बऱ्याच गाड्यांत असं होतं. रीसेट करायची पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. बऱ्याचदा काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवावं लागतं.

• दारातल्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. तो रंग एअरबॅगच्या वायरिंगचा असतो. आणि लहान मुलांना चावी लावलेल्या गाडीत कधीही एकटं सोडू नका. काचेची मोटर छोटी असली तरी तिची ताकद छोटी नसते.

जाणार असाल तर...

• नाना पेठेत सकाळी लवकर जा. दुपारनंतर गाडी उभी करायला जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. पालख्यांच्या मुक्कामाच्या दिवसांत तर गाडी नेऊच नका, रस्ते वारकऱ्यांचे असतात. नुसता पार्ट आणायचा असेल तर मंडई मेट्रो स्टेशनला उतरून रिक्षा करा.

• जुनं बटण किंवा मशीन स्वस्तात हवी असेल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी भरणारा. पण मोटर घ्यायची तर बॅटरीला लावून, दोन्ही दिशांना फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

• मल्टिमीटर घेऊन स्वतःच प्रयोग करायची हौस असेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. चुकलंच काही, तर नाना पेठ तिथून फार लांब नाही!